पोटाचे दुखणे, मनाची उभारी



आज ज्या आजाराविषयी लिहीत आहोत, त्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेही नसेल. पण तो असलेली व्यक्ती रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसलेली असू शकते. उपासना सुरू असताना ती दोनदा उठून बाहेर जाते, प्रीतिभोजनाला थांबत नाही, सहलीला नाव देत नाही. आपण मनात म्हणतो, "हिला मंडळीची ओढच नाही." खरे कारण तिच्या पोटात असते आणि ते सांगायची तिला लाज वाटते.

चाळीतली सकाळ

समजा, ती प्रभादेवीच्या एका जुन्या चाळीत राहते. वय सव्वीस, नोकरी अंधेरीला. तिचे नाव देत नाही, कारण ती कोणी एक नाही. अशा अनेक जणी आणि अनेक जण आहेत. खोली दहा बाय बाराची, शौचालये गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. सकाळी सहाला तिथे बादल्या घेऊन रांग लागते, म्हणून ही पहाटे साडेचारलाच उठते. घरून निघेपर्यंत चार-पाच वेळा जाऊन येते. शौचातून रक्त पडते. शेजारच्या काकू विचारतात, "काय गं, पोट बिघडलंय का परत?" ती हसून म्हणते, "काल वडापाव खाल्ला ना, काकू."

मग प्रभादेवी स्टेशन. २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत होतो, तेच. मुंबईच्या लोकल गाडीत शौचालय नसते. धडधाकट माणसाला ही गोष्ट कधी जाणवत नाही. हिला मात्र दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे या प्रत्येक स्टेशनातले शौचालय कुठल्या टोकाला आहे, किती वाजता उघडते, सुटे पैसे लागतात का, हे पाठ असते. घरून निघताना ती काही खात नाही. पोट रिकामे असले म्हणजे प्रवास निभावेल, असा तिचा हिशोब. त्या हिशोबात वजन घटत जाते, चेहरा पांढरा पडतो आणि लोक विचारू लागतात, "डाएट करतेस का?"

वर्षभर तिने मूळव्याध समजून मलम लावले. मग कोणी सांगितले म्हणून काढे घेतले. शेवटी दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली तेव्हा आजाराचे नाव कळले: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

हा आजार म्हणजे काय?

आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा राहणाऱ्या आजारांना डॉक्टर एकत्रितपणे आयबीडी म्हणतात. त्यात मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा फक्त मोठ्या आतड्याचा आजार. तो बहुधा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि आतल्या अस्तरालाच जखमा करतो. क्रोन्स हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. तो मध्ये जागा सोडून ठिकठिकाणी होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार खोल जातो. त्यामुळे आतडे आकसणे, गळू होणे, भगंदर होणे असे प्रकार क्रोन्समध्ये दिसतात. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव.

आपले शरीर जंतूंशी लढण्यासाठी जे सैन्य बाळगते, ते या आजारात आपल्याच आतड्यावर चाल करून येते. त्यामागे आनुवंशिकता, आतड्यातील जिवाणू आणि बदलते राहणीमान अशी अनेक कारणे एकत्र येतात. एकच एक कारण नाही. म्हणून तीन गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचे शौचालय वापरल्याने तो होत नाही. तो मसालेदार खाण्याची शिक्षा नाही. आणि तो पापाचे फळ तर मुळीच नाही.

बहुतेकांना तो ऐन तारुण्यात, पंधरा ते पस्तीसच्या दरम्यान गाठतो. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल ही सगळी पावले याच वयात टाकायची असतात, म्हणून या आजाराचे ओझे नुसत्या पोटापुरते राहत नाही. तो येतो आणि जातो. काही महिने, कधी काही वर्षे माणूस अगदी बरा असतो आणि मग पुन्हा उसळी येते. आजार मुळापासून काढून टाकणारे औषध अजून नाही, पण त्याला दीर्घकाळ शांत ठेवणारी औषधे आहेत.

जुलाब चार ते सहा आठवड्यांहून अधिक चालले, शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, वजन घटत असेल, बारीक ताप राहत असेल, तर मूळव्याध म्हणून स्वतःच निदान करू नये. पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. प्रभादेवीकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. पूल ओलांडून पलीकडे गेले की परळचे केईएम. १९२६ पासून हे रुग्णालय मुंबईच्या गरिबांचा आधार आहे.

क्षय की क्रोन्स?

आपल्या देशात या निदानात एक मोठी अडचण आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार दिसायला जुळ्या भावांसारखे. तीच पोटदुखी, तोच ताप, तेच वजन घटणे. दुर्बिणीतून आणि कधी कधी तुकडा तपासूनही खात्री होत नाही. उपचार मात्र अगदी उलटे. क्षयाला जंतू मारणारी औषधे लागतात. क्रोन्सला शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी. क्षयाच्या रुग्णाला चुकून दुसऱ्या प्रकारची औषधे दिली तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणूनच आपल्याकडे क्रोन्सच्या पुष्कळ रुग्णांना आधी क्षयाचे उपचार दिले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून पुढचे ठरवले जाते. अशा वेळी रुग्णाला वाटते, "डॉक्टरांना काही कळत नाही." तसे नसते, ते सावधपणे पावले टाकत असतात. हे आधी समजावून सांगितले तर रुग्ण मध्येच उपचार सोडून जात नाही.

औषधाची शिस्त

या आजारातल्या पहिल्या उपयोगी औषधांपैकी एक, सल्फासालाझिन, १९४० च्या सुमारास स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्त्झ यांनी पुढे आणले. मुळात ते सांधेदुखीसाठी होते. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कोलायटिसच्या तीव्र उसळीत स्टेरॉइड जीव वाचवते हे दाखवून दिले. १९९८ पासून क्रोन्ससाठी बायोलॉजिक जातीची इंजेक्शने आली. ती महाग, पण २०१४ मध्ये अहमदाबादच्या एका कंपनीने त्यांतल्या एका औषधाची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली आणि वाट थोडी रुंद झाली.

स्वतःची निगा राखणे म्हणजे सर्वांत आधी औषधाची शिस्त. त्यात पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. आजार शांत आहे तो बहुधा त्या गोळीमुळेच.

स्टेरॉइड कधीही एकदम थांबवू नये आणि मनाने पुन्हा सुरूही करू नये. ते उसळी आटोक्यात आणण्यासाठी आहे, वर्षानुवर्षे घेण्यासाठी नाही. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

डोके किंवा कंबर दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असतील तर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावे. कोणतीही लस घेण्याआधी विचारावे. बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी चुकवू नये.

लग्न, गरोदरपण लपवून ठेवू नये. आजार शांत असताना गर्भ राहिला तर बहुतेकींचे बाळंतपण व्यवस्थित होते. पण काही औषधे आधी बदलावी लागतात आणि बाकीची भीतीपोटी बंद करायची नसतात. हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे.

मोठ्या आतड्याचा आजार जुना झाला की कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून साधारण आठ वर्षांनंतर, त्रास नसला तरी, दुर्बिणीची तपासणी ठरलेल्या वेळी करून घ्यावी.

तंबाखू ओढणे सोडावे; क्रोन्स त्याने अधिक बिघडतो.

आणि दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, छातीत धडधड. किंवा पोट फुगून उलट्या आणि वायूही न सरणे, असे झाले तर उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ताटात काय असावे?

या आजाराचे म्हणून एकच पथ्य नाही. एकाला दूध सोसत नाही, दुसऱ्याला सोसते. एका वहीत काय खाल्ले आणि पोट कसे राहिले हे महिनाभर लिहून ठेवले की आपले पथ्य आपल्यालाच सापडते. उसळीच्या दिवसांत आपल्या आजीचे आजारपणातले ताट कामी येते: तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे पातळ वरण, उकडलेला बटाटा, केळे, दुधीची भाजी, उकडलेले अंडे, कमी तिखटातले पापलेट. आतडे आकसलेले असेल तर मटकीची उसळ, मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगा, पेरूच्या बिया टाळाव्यात, चोथा अडकतो. जुलाब फार झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे.

मात्र बरे वाटू लागल्यावरही भीतीने पेजेवरच राहू नये. रक्त आणि वजन दोन्ही भरून यायला पोटभर, प्रथिनांचे जेवण लागते. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व यांची कमतरता तपासून घ्यावी.

उपवासकाळाविषयीही एक शब्द. ज्याचे शरीर आजाराने आधीच उपाशी आहे, त्याने आणखी उपास करू नये. पाळकांना किंवा धर्मगुरूंना मोकळेपणाने सांगावे. ते समजून घेतील. जेवण सोडण्याऐवजी दुसरे काही सोडता येते.

मनाची उभारी

ताणामुळे हा आजार होतो असे नाही. पण ताण वाढला की त्रास वाढतो आणि त्रास वाढला की ताण. या आजाराच्या रुग्णांत चिंता आणि खिन्नता इतरांपेक्षा अधिक आढळतात, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. झोप न लागणे, कशातच मन न रमणे, "मी घराला ओझे झाले" असे सतत वाटणे, हा विश्वासाचा कमकुवतपणा नाही. तेही दुखणेच आहे आणि त्यालाही उपचार आहेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

उभारी म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणे नव्हे. सोसणारा माणूस कधीतरी मोडतो. उभारी म्हणजे पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची तयारी, आणि ती लहान लहान सवयींतून येते. पिशवीत कायम एक जोड कपडे, साबण, कागद, सुटे पैसे आणि औषधाची चिठ्ठी ठेवणे. घरात आणि कामाच्या ठिकाणी निदान एका माणसाला खरे सांगून ठेवणे. बऱ्या दिवशी दहा दिवसांची कामे उरकायचा हट्ट न धरणे आणि वाईट दिवशी विश्रांती घेतल्याचा अपराध न मानणे. रोज थोडे चालणे. दादर चौपाटीपर्यंत संध्याकाळची फेरी हे औषध नाही, पण झोप चांगली लागते.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये त्यांनी वर्षभरातच पद सोडले. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्या देशाचे सर्वाधिक काळ राहिलेले पंतप्रधान ठरले. २०२० मध्ये आजार पुन्हा उसळला तेव्हा त्यांनी कारण सांगून पद सोडले. या गोष्टीत दोन्ही आहे: पुन्हा उभे राहणे आणि वेळ आल्यावर थांबणे. थांबणे हीही हार नव्हे.

काहींना शस्त्रक्रिया करावी लागते आणि पोटावर पिशवी घेऊन जगावे लागते. ऐकून धस्स होते. पण ज्याने वर्षानुवर्षे घरातून बाहेर पडायची धास्ती घेतली, त्याला त्या पिशवीने बाहेरचे जग परत मिळवून दिले, असेही होते. अशा रुग्णांसाठी ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत काम करते. ज्याने स्वतः ते भोगले आहे त्याच्याशी अर्धा तास बोलणे हे दहा पुस्तकांपेक्षा मोलाचे.

सांगायचे कसे, विचारायचे कसे?

शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सगळा पैसा वैद्यांवर खर्च झालेला, आणि आजार असा की चारचौघांत उच्चारता येत नाही. ती गर्दीत मागून आली, लपून. पण तिला लपून परत जाऊ दिले गेले नाही. सर्वांसमोर तिला मानाने बोलावले गेले. ज्याची लाज वाटते त्याला लाजेतून बाहेर काढणे हाही बरे करण्याचाच भाग आहे.

आपण मंडळी म्हणून काय करू शकतो? फार मोठे काही नाही. शेवटच्या बाकावरची, दाराजवळची जागा कोणी न विचारता मोकळी ठेवावी. चर्चचे शौचालय उपासनेच्या वेळी उघडे, स्वच्छ, पाणी असलेले ठेवावे. किल्ली मागत फिरायला लावू नये. प्रीतिभोजनात एक पातेले बिनतिखटाचे असावे. कोणी "नको" म्हटले तर आग्रह करू नये. "अजून बरी झाली नाहीस का?" असे न विचारता "आज कसं आहे?" असे विचारावे. आणि प्रार्थना करताना गोळी सोडायला कधीही सांगू नये. प्रार्थना आणि औषध यांचे भांडण नाही.

शहराकडेही मागणे आहे. मुंबईत स्त्रियांना स्वच्छ, मोफत शौचालय मिळावे म्हणून 'राइट टू पी' ही चळवळ काही वर्षे झगडते आहे. आपल्याला तो केवळ बायकांचा प्रश्न वाटत असेल तर त्या अंधेरीच्या गाडीतल्या मुलीला आठवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत या आजाराचे नाव नाही. बाहेरून न दिसणाऱ्या दुखण्याला सवलत मागावी लागते, ती अशी शेजाऱ्याच्या समजुतीकडेच.

आणि पाड्यावर?

प्रभादेवीतल्या मुलीला निदान व्हायला वर्ष लागले. तिच्या घरापासून मोठे रुग्णालय पायी गाठता येते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर हेच दुखणे झाले तर? आधी भगत, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्ह्याचे ठिकाण, मग एसटी आणि लोकल बदलत परळ. एका तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी जाते. शिवाय पोट धरून बसायचे त्या एसटीत, जी वाटेल तिथे थांबत नाही. तिथे दीर्घ जुलाब, ताप आणि अशक्तपणा दिसला की आधी क्षयाचा विचार होतो आणि तो बरोबरच आहे. पण क्षयाची औषधे पुरी घेऊनही माणूस सुधारत नसेल तर त्याला पुढे पाठवणारे कोणीतरी हवे.

तिथेच आपल्या मदतीचा उपयोग होतो. प्रवासखर्च, सोबतीला एक माणूस, मुंबईत दोन रात्री टेकायला जागा, केसपेपरच्या रांगेत उभे राहणारे कोणी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटून काय मिळू शकते हे विचारणारे कोणी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना कित्येक वर्षे आसरा देत आली आहे. रुग्णाला औषधाइतकाच निवारा लागतो, हे त्या संतांच्या वाटेने चालणाऱ्यांनी केव्हाच ओळखले होते.

१९ मे हा दिवस जगभर या आजाराच्या जागृतीसाठी पाळला जातो. त्या आठवड्यातल्या रविवारी आपल्या मंडळीत पाच मिनिटे या विषयावर बोलावे, एवढीच विनंती. कदाचित त्या दिवशी शेवटच्या बाकावरून कोणीतरी येऊन हळूच म्हणेल, "हे मलाही आहे." तिला खुर्ची द्या, पाणी द्या आणि ऐकून घ्या.